न्यूटन, कर्वे आणि आमचे सर

मार्च २०२०. लॉकडाऊन लागून आठवडा झाला नसेल तोवर व्हॉट्सॲपवर न्यूटन फिरायला लागला. तुम्हालाही आला असेलच तो फॉरवर्ड. १६६५ साली इंग्लंडात प्लेग आला, केंब्रिज बंद पडलं, न्यूटन गावी गेला आणि घरबसल्या त्याने कॅलक्युलस, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण उरकून टाकलं. तात्पर्य: तुम्ही काय करताय? नेटफ्लिक्स?

तेव्हा तो मेसेज वाचून मला नुसतंच अपराधी वाटलं होतं. नंतर हळूहळू राग यायला लागला. कारण गोष्ट खोटी नाही, पण माणूस चुकीचा निवडलाय. १६६५ साली न्यूटन २२-२३ वर्षांचा होता. नुकतीच बी. ए. झाली होती. त्याला शिकवायला एकही वर्ग नव्हता, तपासायला एकही पेपर नव्हता, घरात लहान मूल नव्हतं. वूल्सथॉर्पला आईची शेतीवाडी होती, नोकरचाकर होते. म्हणजे थोडक्यात, डेडलाइन नाही, मीटिंग नाही, स्वयंपाक नाही. अशा माणसाला साथीने दिली ती सुट्टी.

पण त्याच केंब्रिजात तेव्हा गणिताचे एक प्राध्यापकही होते. आयझॅक बॅरो. १६६३ साली लुकासियन प्रोफेसर म्हणून नेमलेले पहिलेच. (याच खुर्चीवर पुढे १६६९ मध्ये न्यूटन बसला आणि आपल्या काळात स्टीफन हॉकिंग.) नवीन खुर्ची, नुकतीच सुरू झालेली व्याख्यानं, आणि विद्यापीठच बंद! पोरं गावोगाव पांगलेली. या बॅरो साहेबांचा फॉरवर्ड कधी कुणाला आलाय? नाही ना? विद्यार्थ्याला साथीत काय सुचलं ते जगाला पाठ आहे. सरांचं काय झालं ते विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही.

तर आजचा विषय हा आहे. साथ येते तेव्हा प्राध्यापकाचं काय होतं? त्याच्या शिकवण्याचं आणि संशोधनाचं काय होतं? आणि त्यासाठी केंब्रिजला जायची काही गरज नाही. साताऱ्या-सांगलीच्या आसपासच इतका मसाला पडलाय की शनिवार-रविवार पुरत नाहीत.

सुरुवात १८९६ पासून करू. सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्याला आणि मग दख्खनभर पोचला. गावात उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून माळावर झोपड्या बांधून राहायला जायचे. आजीच्या पिढीतल्या लोकांच्या बोलण्यात 'प्लेगचं साल' हे एखाद्या कॅलेंडरसारखं यायचं, ते याच सगळ्यामुळे. एकदाच येऊन गेलेला तो प्रकार नव्हता. पुढची कितीतरी वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली लाट, दुसरी लाट, तिसरी लाट आणि मग लोकांनी मोजणं सोडून दिलं.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. हा तोच कायदा बरं का, जो मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने पुन्हा बाहेर काढला. सव्वाशे वर्षं जुना कोड, प्रॉडक्शनमध्ये अजून चालू :) या कायद्याच्या जोरावर पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोगी असल्याचा संशय आला की माणूस इस्पितळात, घरचे लोक विलगीकरण छावणीत आणि सामान रस्त्यावर. काम सोपवलं होतं वॉल्टर चार्ल्स रँडवर. हे रँडसाहेब पुण्यात येण्याआधी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होते आणि वाईतल्या मिरवणुकीच्या वाद्यांवरून झालेल्या खटल्यात तिथल्या प्रतिष्ठित लोकांना तुरुंगात पाठवून त्यांनी नाव (?) कमावलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू.

इतिहासाच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो. पण त्याच काही महिन्यांत पुण्यातल्या शिकवणाऱ्या माणसांचं काय चाललं होतं ते बघा.

पहिलं नाव सावित्रीबाईंचं. नायगाव हे त्यांचं माहेर, सातारा जिल्ह्यातलं. १८४८ पासून त्या शिकवत होत्या. प्लेग आला तेव्हा वय ६६. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणायला लागल्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. साथीने शिक्षणाचं काय नुकसान केलं असं कुणी विचारलं तर मी हे पहिलं उत्तर देईन. इथे शिकवणं नुसतं थांबलं नाही, शिकवणारं माणूसच गेलं.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. १८९७ च्या सुरुवातीला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेलेले. विषय हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाचा, म्हणजे आकडेच आकडे. गोखल्यांचा अभ्यास असा की साक्ष उत्तम झाली. पण तिकडे असताना त्यांना पुण्याहून पत्रं येत होती. झडतीच्या वेळी सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याची. गोखल्यांनी ते मँचेस्टर गार्डियनच्या बातमीदाराला सांगितलं. इंग्लंडात खळबळ उडाली. परत आल्यावर पत्रं लिहिणाऱ्यांकडे पुरावा मागितला, तर कुणीही पुढे यायला तयार नाही. रँडच्या खुनानंतर पुण्यात जी धरपकड चालली होती त्यात कोण येणार म्हणा! शेवटी गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्याबद्दल स्वकीयांची बोलणी कितीतरी वर्षं खाल्ली.

याच्याकडे राजकारण म्हणून बघता येतं. मला मात्र ती एका अभ्यासकाची शोकांतिका वाटते. आकडा तपासल्याशिवाय तोंडातून न काढणारा माणूस. पण साथीच्या काळात तपासायचं कसं? तो समुद्रापलीकडे, शहर बंद, लोक भेदरलेले, पत्रं आठवड्यांनी पोचणार. ज्या साधनांनी खरं-खोटं ठरवायचं ती साधनंच साथीने काढून घेतलेली. आणि पुरावा मिळाला नाही याचा अर्थ काही घडलंच नव्हतं असाही होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायला लागतं. कोविडमध्ये मृत्यूच्या आकड्यांवरून आपण जे वाद घातले त्याचीच ही जुनी आवृत्ती.

आता तिसरा माणूस. माझा सगळ्यात आवडता. धोंडो केशव कर्वे.

कर्व्यांची साताऱ्याशी पहिली भेट फार वाईट झाली होती. १८७५ सालची गोष्ट. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं सातारा. हा मुलगा कोकणातल्या मुरूडचा. भर पावसात, शंभर मैलांच्या वर अंतर, मित्रांबरोबर सह्याद्री चढून चालत चालत साताऱ्याला पोचला. आणि तिथल्या कमिटीने त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही! का, तर वय १७ पूर्ण हवं आणि हा दिसायला लहान. दाखला वगैरे बघायची तसदी कोण घेणार, चेहरा बघून निकाल. आल्या पावली परत. (हॉल तिकिटावरचा फोटो जुळत नाही म्हणून गेटवर अडवलेल्या सर्व बांधवांनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.) पुढे ती परीक्षा ते कोल्हापूरहून पास झाले.

तर हे कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक बाहेर पडल्यावर गणिताची जागा मोकळी होती आणि गोखल्यांनी बोलावून घेतलं. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी, गोदूबाईंशी म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी लग्न केलं आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. साल बघा. संस्था सुरू झाली आणि चार महिन्यांत मुंबईत प्लेग! स्टार्टअपसाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

आश्रम होता पुण्यात, सदाशिव पेठेत. प्लेगच्या फेऱ्या सुरू राहिल्या तशी गावात मुलींना ठेवणं अशक्य व्हायला लागलं. गावात तसाही लोकांचा रोष होताच. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि बांधकामासाठी ७५० रुपये दिले आणि १९०० साली त्या उजाड माळावर एक झोपडी उभी राहिली. तीच आजच्या कर्वेनगरची सुरुवात. कोथरूड-कर्वेनगरात वन बीएचकेचं भाडं देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं की ह्या वस्तीच्या मुळाशी प्लेगमुळे गावाबाहेर पडलेला एक आश्रम आहे?

आता रोजचं वेळापत्रक बघा. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित. संध्याकाळी पायी हिंगणे. तिथे मुलींना शिकवायचं, हिशेब बघायचे, मुक्काम करायचा. सकाळी पुन्हा पायी कॉलेज. आज गूगल मॅपवर हे अंतर पाचेक किलोमीटर दिसतं आणि आपण रिक्षावाल्याशी भांडतो. तेव्हा रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, अंधार, हातात कंदील आणि डोक्यावर ओझं. समजा एका बाजूला तासभर धरला. रोजचे दोन तास. वर्षाचे नुसते २०० दिवस धरले तरी ४०० तास. हे माझं गणित आहे, त्यांचं नाही. पण गणिताचा प्राध्यापक वर्षाला ४०० तास चिखलात चालतोय, हे मला डोक्यातून काढताच येत नाही.

कर्व्यांच्या नावाने एखादा सिद्धांत आपल्याला शिकवत नाहीत. त्या ४०० तासांत त्यांनी गणित केलं असतं तर काय झालं असतं? कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही. त्यांना स्वतःला त्याचं दुःख होतं असंही नाही, काय महत्त्वाचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. पण न्यूटनशी तुलना करायचीच तर इथे करा. एकाला साथीने वेळ दिला आणि दुसऱ्याचा वेळ घेतला. दुसऱ्याच्या घेतलेल्या वेळातून एक संस्था उभी राहिली, जिच्यातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघालं, ते आज एसएनडीटी म्हणून ओळखलं जातं. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? पाच.

आणि आणखी एक. आश्रमाची पहिली विद्यार्थिनी होती पार्वतीबाई आठवले, आनंदीबाईंची बहीण. पुढे याच पार्वतीबाई आश्रमासाठी निधी गोळा करत देशभर आणि परदेशातही फिरल्या. अण्णांच्या चालण्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पण ते माळावर पोचायचे तेव्हा तिथे चूल पेटलेली असायची, आजाऱ्याला पेज मिळालेली असायची. ते करणाऱ्या बायकांचे तास कुणी मोजले? मी तर नाहीच मोजू शकत, नोंदच नाही. २०२० मध्ये याची नोंद झाली ती वेगळ्या प्रकारे. एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या २,३२९ नियतकालिकांकडे पहिल्या लाटेत आलेल्या लेखांचा नंतर अभ्यास झाला. एकूण लेख वाढले होते, पण बायकांनी पाठवलेल्या लेखांचं प्रमाण पुरुषांच्या मानाने मागे पडलं होतं. घरबसल्या सगळेच होते. न्यूटन व्हायची सोय मात्र सगळ्यांना सारखी नव्हती.

बरं, शिकवण्याचं झालं. संशोधनाचं काय? त्यासाठी वाईला जाऊ.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. हेही आधी काही वर्षं पुण्यात शाळामास्तर. यांची 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ही खंडांची मालिका सुप्रसिद्ध आहे, २२ खंड. त्यातला पहिला खंड निघाला १८९८ मध्ये, म्हणजे प्लेगच्या ऐन धामधुमीत. आणि त्याचं घबाड सापडलं कुठे, तर वाईच्या एरंड्यांच्या वाड्यात. पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं! भाऊसाहेब पेशवे उत्तरेत काय करत होते, पैसे का संपले, रसद कुठे अडली, हे नंतरच्या बखरींमधून नव्हे तर त्या त्या दिवशी लिहिलेल्या कागदांतून कळायला लागलं.

पण मला यातली कामाची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. राजवाड्यांची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्याच्या घरातला माळा. तिथे जायचं कसं? ओळख काढून, ओटीवर बसून, पान-सुपारी घेऊन, घरच्या म्हाताऱ्याचा विश्वास मिळवून. मग कधीतरी रुमालात बांधलेली दप्तरं खाली येणार. हे काम घरबसल्या होत नाही. आणि साथीच्या काळात परक्या माणसाला कोण घरात घेतो? घरं बंद, माणसं माळावर. अशा दिवसांत हा माणूस गावोगाव फिरत होता. राजवाड्यांचा स्वभाव तिरसट म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या वर्षांत तो चिवटपणा नसता तर ते कागद कुठल्या वाण्याच्या पुड्यांत गेले असते.

म्हणजे संशोधनाचे सरळ दोन प्रकार पडतात. एक न्यूटनचं, जे टेबलावर होतं. दुसरं राजवाड्यांचं, ज्याला लोकांच्या दारात जावं लागतं. साथ पहिल्याला क्वचित मदत करते आणि दुसऱ्याला हमखास मारते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वीस वर्षं पुढे. १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लाटेने कहर केला. त्यात पाऊस नाही, पीक नाही, महागाई. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज साधारण सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी असे आहेत. अंदाज सोडा, जनगणना बघा. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे ज्यात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आलेख काढून बघा, त्या जागी रेघ खाली झुकलेली दिसते. डेटाशी खेळणाऱ्या माणसाला असे खड्डे फार अस्वस्थ करतात. आउटलायर म्हणून टाकूनही देता येत नाही, कारण तो खड्डा म्हणजे माणसं आहेत.

आणि आता ही दोन नावं वाचा. विलिंग्डन कॉलेज, सांगली: स्थापना जून १९१९. रयत शिक्षण संस्था, काले, कराडजवळ, सातारा जिल्हा: स्थापना ऑक्टोबर १९१९.

साथीनंतर वर्षभराच्या आत! विलिंग्डन काढलं डेक्कन एज्युकेशन सोसायटीने, म्हणजे फर्ग्युसनवाल्याच मंडळींनी. तोवर दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांना कॉलेज म्हणजे पुणं नाहीतर मुंबई. आणि रयत काढली भाऊराव पाटलांनी. त्यांची गोष्ट तर सातारकरांना तोंडपाठ असते. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, आणि पोरांना जेवायला घालायला लक्ष्मीबाईंनी मोडलेले दागिने. मंगळसूत्रसुद्धा.

इन्फ्लुएंझामुळे ह्या संस्था निघाल्या असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही आणि गोखल्यांचं काय झालं ते आत्ताच वाचलंत :) त्यांच्यामागे वेगळ्या चळवळी, वेगळे विचार होते, ते साथीच्या कितीतरी आधीपासून चालू होते. मला एवढंच दिसतं की लोकसंख्या घटवून गेलेल्या साथीनंतर, दुष्काळाच्या वर्षानंतर, ह्या भागातल्या लोकांनी जे उभं केलं ते नव्या संधीचं दुकान नव्हतं. वर्ग होते, फळा होता आणि पोरांना राहायला छप्पर होतं.

आता आपल्या साथीकडे येऊ.

२३ मार्च २०२० ला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच कुटुंबातले चार जण पॉझिटिव्ह निघाले. महिनाअखेरपर्यंत आकडा पंचविशीत. मुंबई-पुण्याबाहेर एवढा मोठा गट तोवर सापडला नव्हता, त्यामुळे सांगलीचं नाव एकदम देशभर झालं. साताऱ्याची पाळी पुढे आली, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिथे रोज काय आकडे येत होते ते आठवा. दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली येतात. (हे विद्यापीठ सुरू झालं १८ नोव्हेंबर १९६२ ला. अण्णासाहेब कर्वे वारले ९ नोव्हेंबर १९६२ ला, वयाच्या १०५ व्या वर्षी. नऊ दिवसांचं अंतर.) आणि सांगलीकरांचं गणित आणखी अवघड होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर. धोक्याची पातळी आहे ४५. त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२०. त्यातून डोकं वर काढतोय तोवर जुलै २०२१, पुन्हा पूर. दोन वर्षांत तीन दणके.

मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सिव्हिल. (सिव्हिल करून आयटीत, हा आपल्याकडचा राष्ट्रीय महामार्ग आहे, हसू नका.) आमचे प्रोजेक्टचे एक सर होते. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचा बेत असा होता: २०१९ च्या पुराचं पाणी कुठल्या गल्लीत किती उंचीपर्यंत चढलं, ते भिंतींवरच्या खुणांवरून मोजायचं. पूर ओसरल्यावर भिंतीवर एक मातकट रेघ राहते ना, ती. लेव्हल घेऊन घरोघर जायचं, मालकाला विचारायचं, खूण मोजायची, नकाशावर टाकायची. उपग्रहाच्या चित्रात पाण्याचा विस्तार दिसतो, पण ढगाळ दिवशी तोही नीट दिसत नाही, आणि कुठल्या घरात पाणी खिडकीपर्यंत होतं हे तर भिंतच सांगते. थोड्या गल्ल्या आमच्या बॅचने फेब्रुवारीपर्यंत केल्या. उरलेलं काम एप्रिल-मे मध्ये, परीक्षेच्या मधल्या दिवसांत करायचं ठरलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही. हे राजवाड्यांच्या प्रकारचं संशोधन होतं. लोकांच्या दारात जायचं. २०२० च्या उन्हाळ्यात सांगलीत कुणाच्या दारात जाणार? टेप घेऊन उभा राहिलेला परका माणूस बघून लोकांनी आधी पोलिसांना फोन केला असता. आणि मग दिवाळी आली. एक वर्ष पुराने आणि अर्धं वर्ष कोरोनाने खाल्लेलं, लोकांनी हौसेने घरं रंगवली. बरोबरच आहे, पुराची रेघ रोज डोळ्यांसमोर कुणाला हवी असते? पण त्या रंगाखाली सरांचा डेटा गेला. कायमचा. प्रयोगशाळेतलं मशीन दुरुस्त होतं, प्रयोग पुन्हा लावता येतो. पुसलेली रेघ परत मोजता येत नाही. आणि आठ-नऊ महिन्यांत पुढचा पूर आला.

शिकवण्याचं म्हणाल तर सरांनी एप्रिलमध्ये घरूनच लेक्चर सुरू केली. फळा नाही म्हणून कपाटाच्या दारावर पांढरा कागद चिकटवून. साठ जणांचा वर्ग, मीटवर पंचवीस-तीस काळे चौकोन. वर्गात शिकवताना मागच्या बाकावरच्या चेहऱ्यावरून कळतं की गाडी कुठे घसरली. काळ्या चौकोनावरून काय कळणार? ते मधेच थांबून विचारायचे, "आवाज येतोय ना?" कुणीतरी चॅटमध्ये 'येस सर' टाकायचं. पाटण-जावळीच्या डोंगरातली आमची दोन-तीन पोरं तर रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची. पाऊस सुरू झाला की तेही बंद. तासाचं लेक्चर रेकॉर्ड करायला सरांना तीन तास लागायचे, आणि त्यातच घरातली शाळकरी मुलगी, तिचाही वर्ग त्याच फोनवर. कर्व्यांचे ४०० तास चिखलात गेले, यांचे बफरिंगमध्ये.

मग परीक्षेचा गोंधळ. होणार, नाही होणार, सरासरीने पास, नाही नाही परीक्षाच. यूजीसी एकीकडे, राज्य सरकार दुसरीकडे. शेवटी २८ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तारीख पुढे ढकलून मागा, पण परीक्षेशिवाय पदवी नाही. आम्ही ऑक्टोबरात ऑनलाइन ऑप्शन टिकमार्क करून इंजिनिअर झालो. त्या काळात सगळे आमच्याबद्दल बोलत होते: 'कोविड बॅच', यांना नोकरी कोण देणार. झाली चौकशी, दिल्या नोकऱ्या, थोड्या उशिराने का होईना. पीएच. डी. करणाऱ्यांना यूजीसीने प्रबंधासाठी सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ दिली, तीही पुन्हा पुन्हा. चांगलंच केलं. पण मुदतवाढीने वेळ मिळतो, हंगाम मिळत नाही. कासच्या पठारावर फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर येतात. तो हंगाम चुकला की वनस्पतिशास्त्रवाल्याला सहा महिने वाढवून मिळाले तरी हातात येतो तो उन्हाळा. तासगावच्या द्राक्षाचं, सांगलीच्या हळदीचं तेच. निसर्ग मुदतवाढ देत नाही.

महाराष्ट्रातली कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली २० ऑक्टोबर २०२१ ला. साधारण दीड वर्ष. या दीड वर्षाचा हिशेब कुठे आहे? कॉलेजांच्या अहवालात किती वेबिनार झाले त्याचा आकडा आहे, त्या काळात तर वेबिनारचा पाऊसच पडला होता. किती लेख छापले त्याचा आहे. किती सर्व्हे अर्धे राहिले, किती वह्या तशाच बंद झाल्या, याला रकानाच नाही. एखादं काम झालं तर त्याची नोंद होते. न झालेल्या कामाची नोंद कोण करणार? आयटीत निदान बॅकलॉग नावाची गोष्ट असते. न झालेलं कामसुद्धा तिकीट म्हणून समोर दिसत राहतं, बंद करायचं तर कारण लिहावं लागतं.

कर्व्यांच्या त्या चिखलातल्या चालण्याबद्दल आपल्याला माहीत आहे कारण त्यांनी १९१५ मध्ये 'आत्मवृत्त' लिहिलं. नाहीतर हिंगण्याच्या संस्थेची इमारत दिसली असती, रस्ता दिसला नसता. बॅरो साहेबांच्या बंद पडलेल्या वर्गाबद्दल कुणी फॉरवर्ड बनवला नाही. २०२० च्या मास्तरांबद्दलही बनणार नाही, कारण त्यात सफरचंद नाही.

गेल्या महिन्यात सरांशी फोनवर बोलणं झालं तेव्हा मी हेच म्हटलं. तुमच्याकडे फेब्रुवारीपर्यंतच्या गल्ल्यांची वही असेल ना? म्हणाले, "आहे की. अर्धवट आहे पण. त्याचं काय करायचं?" मी म्हटलं, अर्धवट म्हणूनच टाका सर. कुठल्या गल्ल्या झाल्या, कुठल्या राहिल्या आणि का राहिल्या, तारखेसकट. पुढचा पूर मोजणाऱ्याला निदान कळेल की इथे मोकळी जागा आहे, शून्य नाही. ते हसले आणि म्हणाले, स्कॅन करायला एखादा पोरगा बघतो.

आता काम माझ्याकडे आलंय. वहीचे फोटो यायला लागलेत, अक्षर मास्तरांचं असूनही वाचता येतंय हे नशीब. पुढचे दोन शनिवार एक्सेलमध्ये गल्ल्या भरण्यात जाणार, तेव्हा इथे लिहिणं जरा कमी होईल. तुमच्याही एखाद्या सरांकडे किंवा मॅडमकडे २०२० ची अशी वही पडलेली असेल. एक फोन करून विचारा तरी.